अर्ध्या सुराचा फरक

फेब्रुवारी १९७६, रविवार दुपार. हजर: दादा, त्याचा जुना जालन्यातला मित्र, आई आणि मी. सोमवारी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात दादा एक इंग्रजी रॉक गाणं म्हणणार होता. महिनाभर तो ते रेकॉर्डवरून बसवत होता आणि वरच्या सुरातल्या ओळीला दर वेळी त्याचा घसा फाटत होता. असाच ताण दिलास तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मित्राच्या भावाने आखातातून टेपरेकॉर्डर पाठवला होता, सोबत त्याच गाण्याची स्टेजवर गायलेली कॅसेट. आधी रेकॉर्ड लावली, मग कॅसेट. रेकॉर्डमधला आवाज धारदार, एका दमात वर जाणारा. कॅसेटमधला तोच माणूस दमलेला, ओळ मध्येच तोडून श्वास घेणारा, पण समोर बसून गातोय असा. मित्राने पेटीवर सूर धरून पाहिला. कॅसेट अर्ध्या सुराने खाली होती.

"बघ, तो बी खालीच गातो," मित्र म्हणाला. "तू बी घे खाली."

"सेल उतरले असतील तुझे."

नवे सेल टाकले. सूर तिथंच.

"म्हंजे स्टेजवर चोरी करतो तो. खरं गाणं रेकॉर्डचं," दादा बसक्या आवाजात म्हणाला.

आई गहू निवडत होती. "मला तर दोघं बी वरडूनच राह्यलेत."

मोजून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. रेकॉर्डच्या कव्हरवर गाण्याची वेळ छापली होती, सहा मिनिटं. दादाने पुन्हा रेकॉर्ड लावली तेव्हा मी वडिलांचं मनगटी घड्याळ धरून बसले. गाणं पाच मिनिटं चाळीस सेकंदांत संपलं. आमचं रेकॉर्ड वाजवायचं मशीन जोरात फिरत होतं, म्हणून आवाज वर चढत होता. कारण मला लगेच कळलं. दिवाळीत दादा आष्टीला मामाकडे गेला असताना तबकडी घसरत होती, म्हणून मी मोटरच्या चाकाला जखमेवर लावायचं चिकट प्लास्टर गुंडाळलं होतं. चाक जाड झालं होतं, म्हणून तबकडी जास्त वेगाने फिरत होती. आणि मशीनला हात लावायची मला बंदी होती.

"दादा, मशीन जास्त फिरत असंल," मी म्हणाले.

"जास्त लाइट येऊन मशीन पळायला हे काय मुंबई हाय का?" मित्र हसला.

दादा हसला नाही. "तू मधी बोलू नको."

मी घड्याळ जागेवर ठेवून दिलं. संध्याकाळपर्यंत त्याने ती वरची ओळ अकरा वेळा म्हटली.

सोमवारी तो दुसऱ्या कडव्यापर्यंत नीट गेला. वरच्या ओळीला आवाज फुटला आणि पुढे तोंडातून नुसता वारा आला. मित्राने माईक घेऊन उरलेलं गाणं खालच्या सुरात कसंबसं संपवलं. दोन महिन्यांनी दादाला बोलता येऊ लागलं, पण गाता नाही, आजवर नाही. स्टेजवाले सूर चोरतात, असं तो अजून सांगतो.

प्लास्टर मी मंगळवारीच काढून टाकलं. दादाला सांगायचं राहिलं आहे.