नायिकांची मापं घेणारी वहिनी

व्हिडिओ गेममध्ये आजवर जितक्या बायका तलवार घेऊन धावल्या, त्यांतली एकही माझ्या वहिनीच्या तावडीतून सुटलेली नाही. डोंबिवलीत माझं जुन्या गेमच्या डिस्कचं दुकान आहे. शेजारच्या गाळ्यात वहिनी बायकांचे कपडे शिवते; दादा गेल्यावर तिने त्याच मशीनवर घर चालवलं. हातात काम नसलं की ती गळ्यातल्या टेपसकट माझ्याकडे यायची आणि पोस्टरवरच्या नायिकांची चक्क मापं काढायची. एकदा गिऱ्हाईक पाकिटात हात घालत असताना म्हणाली, "भावजी, हिच्या चिलखताला पोटच नाही. बाण कुठे मारायचा ते शिंप्यानेच सांगून ठेवलंय." गिऱ्हाईक हसत हसत रिकाम्या हाताने गेलं. मी भडकलो, दोन दिवस बोललो नाही. तिला त्याचं काही नाही. उंच टाचांचे बूट घालून कड्यावरून उडी मारणारी बाई एक तर वेडी असते, नाहीतर पुरुषाने काढलेली, हे तिचं ठाम मत.

तिची मुलगी घोडबंदर रोडच्या एका गेम कंपनीत चित्रं काढते. पहिल्यांदाच अख्खी नायिका तिच्या वाट्याला आली, तेव्हा पोरीने आईलाच उभं केलं. रुंद मनगटं, सुटलेलं पोट, मशीनवर वाकून वाकून पुढे आलेले खांदे, खोचलेला पदर. वहिनीने ते चित्र गाळ्यात लावलं. ब्लाउज शिवायला आलेल्या बायकांना आधी ते बघावं लागे, मग माप.

पुढे ऑफिसात मीटिंगा झाल्या. पोट गेलं, खांदे सरळ झाले, वय वीस वर्षांनी उतरलं. पोरीने सगळं मान्य केलं. माझा तो राग अजून उतरलेला नाही. शून्यातून धंदा उभा केला मी. समोरच्याचा पहिला शब्द कधी शेवटचा मानला नाही. आणि आमच्या घरची मुलगी आपली आई अशी सोडून देते, जरासुद्धा न ताणता? मी तिला नाही नाही ते बोललो. "काका, काम दुसऱ्या कुणाला दिलं असतं त्यांनी," एवढंच ती म्हणाली.

गेम तयार झाल्यावर एका रविवारी तिने तो माझ्या दुकानात लावला. पडद्यावर कुणी सडपातळ मुलगी पदर खोचून गड चढत होती. आता वहिनी सोलून काढणार, म्हणून मी वाट बघत होतो. पोरगी आईकडे बघतच नव्हती. गड चढून झाला, तशी वहिनीने गळ्यातली टेप काढून गुंडाळली.

"छान झालीय गं," ती म्हणाली. "लग्नाआधी मी अशीच होते."

तिला बघायला दादाबरोबर मीच गेलो होतो. ती अशी कधीच नव्हती. पोरीने माझ्याकडे पाहिलं. "हो," मी म्हणालो, "अगदी अशीच."