रंगपंचमीला आलेला मोठा शुक्रवार

मी श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरात फिरंग्यांची पत्रं वाचून दाखवायच्या कामावर होतो. मूळचा वसईचा, घरची बोली मराठी, धर्माने ख्रिस्ती, आणि एका पाद्रीबाबांच्या छडीमुळे पोर्तुगीज लिहितावाचता येणारा. एवढ्या भांडवलावर मी पुण्यात आलो. शहराच्या पूर्वेला नागझरीपलीकडे आमच्या लोकांची वस्ती होती. बहुतेक सगळे तोफखान्यातले. श्रीमंतांनी दिलेल्या जागेवर आम्ही मातीच्या भिंतींचं, कौलारू छपराचं एक देऊळ बांधलं होतं. त्याच्या मागच्या खोलीत मी राहायचो. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि वस्तीतल्या बायकांच्या मते ते होण्याची चिन्हंही नव्हती.

माझं जेवण एका म्हाताऱ्या विधवा बाईकडे असे. तिचा नवरा गोलंदाज होता, लढाईत गेला. ती माझ्या आईच्या गावची, म्हणून मी तिला मावशी म्हणायचो. देवळातल्या मेणबत्त्या ती वळायची, वेदीवरची वस्त्रं धुवायची, आणि उरलेल्या वेळात आम्हा सगळ्यांना धुवायची.

त्या वर्षी नाताळ आटोपला आणि आमच्या पाद्रीबाबांचा गुडघा सुजला. उपचारासाठी ते गोव्याला गेले. जाताना म्हणाले, ‘‘यंदाच्या सणांचे दिवस लिहून कागद धाडतो. तोवर देऊळ सांभाळा.’’ हे त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, पण वस्तीत वाचता येणारा मी एकटाच, तेव्हा ते मलाच सांगितलं असं मी धरून चाललो. रविवारच्या प्रार्थना मी चालवू लागलो. आवाज आपोआप जाड झाला. चालही बदलली, असं मावशी म्हणायची. ‘‘गुडघा त्यांचा दुखतोय, लंगडतोस तू का?’’

कागद काही आला नाही. आमच्या लोकांची पंचाईत अशी की नाताळ ठरलेल्या दिवशी येतो, पण पास्काचा सण, म्हणजे प्रभू मेलेल्यांतून उठला तो रविवार, दरसाल पुढेमागे सरकतो. त्याच्या आधी चाळीस दिवसांचा उपास. उपासाच्या पहिल्या बुधवारी कपाळाला राख लावायची. सण कधी ते कळल्याशिवाय राख कधी लावायची ते कळणार नाही, आणि राख लागल्याशिवाय आमचे गोलंदाज मटण सोडणार नाहीत.

‘‘एव्हाना राख लागायला हवी होती,’’ मावशी म्हणाली. माघी पौर्णिमा होऊन गेली होती. ‘‘मला आतून वाटतंय, उशीर होतोय.’’

‘‘आतून वाटून सण ठरत नाहीत, मावशी. त्याला गणित लागतं.’’

ते गणित मला पूर्ण येत होतं असं नाही. लहानपणी पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, की वसंतात दिवस आणि रात्र सारखी झाली की त्यानंतरची पहिली पौर्णिमा धरायची, आणि तिच्यापुढचा रविवार म्हणजे पास्का. पौर्णिमा म्हटल्यावर मला दफ्तरातले पंत आठवले.

पंत नारायण पेठेत राहायचे. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे, मोडी अक्षर मोत्यासारखं आणि जीभ सुरीसारखी. त्यांची बैठक माझ्यापासून दोन हात लांब. कागद द्यायचा तर ते जमिनीवर ठेवायचे आणि मी उचलायचा. पण ज्योतिषाचा त्यांना भारी नाद, आणि पंचांग कायम उशाशी.

‘‘पंत, एक विचारायचं होतं. मेषसंक्रांतीनंतरची पहिली पौर्णिमा कोणती?’’

खरं तर मी ‘दिवसरात्र सारखी होते तेव्हा’ एवढं साधं विचारायला हवं होतं. पण पंतांच्या तोंडून मेषसंक्रांत हा शब्द मी बरेचदा ऐकला होता, वसंताच्या सुमाराला ती येते हे ठाऊक होतं, आणि चार लोकांसमोर तो शब्द वापरला की आपलंही वजन वाढेल असं वाटलं.

पंतांनी पंचांग उघडलंसुद्धा नाही. ‘‘चैत्री पौर्णिमा. मंगळवारी येतेय. का हो, फिरंगी देवाला मुहूर्त लागायला लागला वाटतं?’’

मी चाळीस दिवसांचा उपास वगैरे समजावून सांगितलं. मांस, अंडी वर्ज्य, दिवसातून एकदाच पोटभर जेवायचं.

पंतांनी बोरू खाली ठेवला. ‘‘म्हणजे तुम्ही चाळीस दिवस आमच्यासारखं जेवता, आणि त्याला उपास म्हणता?’’

दफ्तर बराच वेळ हसत होतं.

मी मात्र रविवार वगळून चाळीस दिवस मोजले, बुधवार ठरवला, आणि रिवाजाप्रमाणे गेल्या वर्षीच्या सणात वाटलेल्या झावळ्या जाळून राख केली. पाद्री नसताना ती कोणी लावावी असा प्रश्न निघाला. मी आढेवेढे घेतले, पण फार घेतले नाहीत. वस्तीतल्या एकेका माणसाच्या कपाळावर राखेचा क्रूस काढत, ‘‘तू माती आहेस, मातीला मिळशील,’’ असं मी मोठ्या आवाजात सांगितलं. लोकांना ते सांगताना मला फार बरं वाटलं, हे आज लिहायला लाज वाटते. मावशीच्या कपाळाला लावली तेव्हा ती म्हणाली, ‘‘आता तुला कोण लावणार?’’ आणि उरलेली राख अंगठ्यावर घेऊन तिने माझं कपाळ चांगलं घासलं.

तसाच दफ्तरात गेलो. पंत म्हणाले, ‘‘विभूती! शेवटी शंकराला शरण आलात म्हणायचं.’’

उपास सुरू झाला. दुपारी दफ्तरात मी पोटावर हात ठेवून मंद स्मित करत बसायचो. कोणी विचारलं तर, ‘‘छे, आपल्याला काही त्रास नाही,’’ म्हणायचो. कोणी विचारलं नाही तर थोडा कण्हायचो. मावशीही उपास करत होती, पण तिचं कुणाला कळायचं नाही. ती दुप्पट काम करायची आणि चिडायची मात्र कमी. त्यावरूनच ओळखायचं.

रविवारी होळी झाली, आणि शुक्रवारी रंगपंचमी आली.

रंगपंचमीला पुण्यात कोणाची सुटका नसे. वाड्यावर हौद भरलेले, रस्तोरस्ती पिचकाऱ्या, दफ्तरात तर सकाळपासूनच कागद बांधून ठेवलेले. मी उपासाचं कारण सांगून कोपऱ्यात उभा होतो. पंतांनी पळसफुलांच्या केशरी पाण्याने भरलेली पिचकारी घेऊन मला डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. एरवी कागद हातात न देणारा माणूस! विचारलं तर म्हणाले, ‘‘रंगाला विटाळ नाही, असं शास्त्रात आहे.’’ कुठल्या शास्त्रात ते सांगितलं नाही. मग मीही लाजबीज सोडली, एक तांब्या भरला, आणि पंतांच्या पागोट्याचं सोनं केलं.

त्या गोंधळात गोव्याचा जासूद आला. पाद्रीबाबांचं पत्र त्याच्याकडे दोन महिने आधीच दिलं होतं. पण वाटेत त्याच्या भाच्याचं लग्न होतं, नंतर साताऱ्याला मेहुणीचं, आणि तिथून निघताना त्याला स्वतःलाच ताप आला. त्याला काय बोलणार? मी हात अंगरख्याला पुसले, पुसून आणखी रंगवले, आणि कागद उलगडला.

यादीत पास्का सर्वांत वर होता. मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. पास्का परवाच्या रविवारी होता.

म्हणजे हा मोठा शुक्रवार होता. प्रभूला क्रुसावर दिला तो दिवस. जगभरच्या ख्रिस्ती माणसांनी घंटा बंद ठेवल्या होत्या, आणि पुण्यातल्या ख्रिस्त्यांचा पुढारी केशरी रंगात निथळत, हातात तांब्या घेऊन उभा होता.

‘‘पंत,’’ मी ओरडलोच, ‘‘तुम्ही चैत्री पौर्णिमा सांगितलीत!’’

‘‘तुम्ही मेषसंक्रांत विचारलीत.’’

‘‘मला दिवसरात्र सारखी होते ते हवं होतं!’’

‘‘मग तसं म्हणायचं! ते तर होळीच्या आधीच होऊन गेलं, म्हणजे तुमची पौर्णिमा होळीचीच. मेषेला अजून पंधरवडा आहे.’’ आणि मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. ‘‘काय झालं हो? काही वाईट बातमी?’’

मी सांगितलं. पंतांनी पिचकारी भिंतीला टेकवून ठेवली. ‘‘पळा आधी. इथलं मी बघतो,’’ एवढंच म्हणाले. त्यांनी त्या वेळी टोमणा मारला नाही, हे मी कधी विसरलो नाही.

शहरातून पळताना लोकांनी आणखी रंग टाकला. पळणारा माणूस रंगपंचमीला फार आवडतो. वस्तीत पोचलो तेव्हा मावशी अंगणात मेण निवडत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘मावशी, मोठा शुक्रवार आहे.’’

‘‘कधी?’’

‘‘आज.’’

‘‘आज?’’ ती उठली. ‘‘आणि तू असा?’’

पण ती त्यावर थांबली नाही. घरोघर जाऊन तिने सगळ्यांना गोळा केलं. एक गलेलठ्ठ गोलंदाज होता, तो हिशेब लावून म्हणाला, ‘‘म्हणजे परवापासून मटण?’’ मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो पुढे महिनाभर तिच्या समोर आला नाही.

तिसऱ्या प्रहरी देवळात प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन करायचं होतं. वाचणारा मीच. कपडे बदलले, तोंड राखेने, साबणाने, शेवटी विटकरीने घासलं, पण पळसाचा रंग हटेना. उलट घासून चेहरा आणखी लाल झाला. मी मावशीला म्हटलं, ‘‘मी असा वेदीसमोर उभा राहू शकत नाही. लोक हसतील.’’

‘‘हसू देत,’’ ती म्हणाली. ‘‘प्रभूलाही हसण्यासाठीच लाल झगा घातला होता. जा, वाच.’’

मी वाचलं. आधी मागून कुणीतरी खुदकन हसलं. मग शिपाई प्रभूला लाल झगा घालतात ती ओळ आली, आणि माझा आवाज बसला. इतकी वर्षं ती ओळ मी वाचत होतो, पण थट्टेचा विषय होऊन चारचौघांत उभं राहणं म्हणजे काय ते अंगावर कधी आलं नव्हतं. माझं तर काय, माझीच चूक होती. त्याची तर तीही नव्हती. जाड आवाज गेला तो गेलाच. उरलेलं मी माझ्या साध्या आवाजात, अडखळत वाचलं. वाचून झाल्यावर मी सगळ्यांची माफी मागितली. मला येत नव्हतं ते मी येतं असं दाखवलं, एवढंच म्हणालो. तेव्हा कुणी हसलं नाही.

रविवारी पहाट फुटताना घंटा वाजवली. पाद्री नव्हते, त्यामुळे मिस्सा, म्हणजे पाद्रीनेच करायची भाकर-द्राक्षारसाची उपासना, नाही, पण मावशीने होत्या तेवढ्या सगळ्या मेणबत्त्या लावल्या आणि आम्ही बेसूर, जोरात गायलो. मग वडे आणि मटण. माझा चेहरा अजून केशरीच होता. पोरीबाळींनी त्यावरून मला सणासाठी सजवलंय असं ठरवलं.

सोमवारी मी मावशीकडे जेवायला गेलो. तिने मला रस्सा वाढला आणि स्वतः कोरड्या भाकरीचा अर्धा तुकडा घेऊन बसली.

‘‘हे काय? उपास संपला.’’

‘‘तुमचा संपला. माझे सोळाच झालेत. चाळीस म्हणजे चाळीस. अजून चोवीस राहिले.’’

‘‘देव काय मोजत बसलाय?’’

‘‘तो नसेल मोजत. मी कबूल केलंय ना पण.’’

मी ताटाकडे पाहिलं. रस्सा सुरेख झाला होता. पहिला घास घेतला आणि ताट पुढे सारलं. ‘‘मला आज भूक नाही,’’ म्हणालो. दुसऱ्या दिवशीही मला भूक नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने रस्सा केलाच नाही.

ते चोवीस दिवस मी दफ्तरात पोटावर हात ठेवला नाही. कण्हलो नाही. कुणाला सांगण्यासारखं काही नव्हतंच, कारण सगळ्यांच्या लेखी सण होऊन गेला होता. भूक लागायची, ती नुसती भूक असायची, तिला बघायला कोणी नसायचं. पहिले काही दिवस ते फार जड गेलं. मग हळूहळू त्या भुकेच्या वेळी मी प्रार्थना करू लागलो, आणि ती माझी पहिलीच प्रार्थना असावी जी मला स्वतःला ऐकू येत नव्हती. पंतांना काहीतरी कळलं असावं. एकदा त्यांनी माझ्यासमोर जमिनीवर पानात बांधलेले भिजवलेले शेंगदाणे ठेवले. ‘‘आमच्या एकादशीला चालतात. तुमच्या देवाला चालतात का ते विचारा, पण या वेळी नीट विचारा.’’

पाऊस संपल्यावर पाद्रीबाबा परतले, गुडघ्यासह. मी पापकबुलीला बसलो आणि सगळं सांगितलं. मेषसंक्रांत, राख, रंग. ते मधूनमधून खोकत होते. ते खोकणं नव्हतं, हसणं होतं, हे मला उशिरा कळलं. पण चोवीस दिवसांच्या उपासाचं सांगितलं तेव्हा ते एकदम कडक झाले.

‘‘पास्काच्या आनंदाच्या दिवसांत उपास? प्रभू उठला आणि तुम्ही दोघं सुतक पाळत बसलात?’’

‘‘चाळीस पुरे करायचे होते, बाबा.’’

त्यांनी विचारलं, ‘‘त्यात तुला काय मिळालं?’’

‘‘भूक,’’ मी म्हणालो. दुसरं काही खरं सुचेना.

‘‘बरं. मग प्रायश्चित्त ऐक. नाताळाआधीचा आगमनकाळ सुरू होईपर्यंत दर रविवारी त्या बाईकडे पोटभर जेवायचं. तिलाही जेवायला लावायचं. आणि भांडी तू घासायची.’’

मावशीलाही हेच प्रायश्चित्त मिळालं होतं, भांडी वगळून. तिने ते मनापासून पाळलं. वडे, नारळाच्या रसातलं मटण, सुक्या बोंबलाची चटणी. आणि मी भांडी घासत असताना शेजारी पाट टाकून बसायची, कुठे खरकटं राहिलंय ते बोटाने दाखवायची.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जेवून उठलो तेव्हा मी म्हणालो, ‘‘मावशी, आज प्रायश्चित्त संपलं.’’

‘‘हो का?’’ ती म्हणाली. ‘‘मग पुढच्या रविवारी नाही येणार?’’

‘‘येणार की.’’

‘‘मग ही कढई परत घास. बुडाशी काळी आहे.’’