म्हैसूरच्या हॉटेलातली गादी

शाल्मलीला भांडायची हौस होती असं नाही, पण चुकीचं काही दिसलं की तिच्याने गप्प बसवत नसे. दक्षिणेत, बेळ्ळंदूरच्या तिच्या सोसायटीत पाण्याच्या टँकरपासून लिफ्टच्या दुरुस्तीपर्यंत काहीही खटकलं की लोक म्हणत, "शाल्मलीला सांगा." नोकरीसाठी नागपूरहून आलेली ही मुलगी बघता बघता सगळ्यांची बिनफीची वकील होऊन बसली होती. आई गेल्यावर तिने वडिलांना, सूर्यकांतरावांना, इकडे आणलं. निवृत्त शाळामास्तर. बोलणं मोजकं, आणि इस्त्रीचा शर्ट अंगात असल्याशिवाय दारावर भाजी घ्यायलाही न जाणारा माणूस.

दसऱ्याआधी, गर्दी नसताना, दोघं म्हैसूरला जाऊन आली. हॉटेलात शेजारशेजारच्या दोन खोल्या घेतल्या होत्या. परतल्यावर काही दिवसांनी शाल्मलीच्या क्रेडिट कार्डावर हॉटेलने आणखी एक रक्कम लावली. कारण लिहिलं होतं, खोलीचं नुकसान.

"कसलं नुकसान?" ती उसळलीच. तिथल्या तिथे हॉटेलला फोन लावला, तोही स्पीकरवर. समोर सोफ्यावर सूर्यकांतराव पेपर वाचत होते.

मॅनेजरचं नाव रविकिरण. आवाज मऊ होता. "मॅडम, सरांच्या खोलीतली गादी बदलावी लागली."

"गादीला काय धाड भरली? निघताना तर कुणी चकार शब्द काढला नाही!"

तो अडखळला. "स्वल्प... जरा, मॅडम, एकदा वडिलांशी बोलून घ्या ना."

"माझ्या वडिलांना मध्ये आणायचं नाही! म्हाताऱ्या माणसाच्या नावावर वाटेल ते खपवता काय? फोटो पाठवा, नाहीतर मी बँकेत तक्रार करते."

"फोटो नको, मॅडम."

"म्हणजे नाहीतच!" तिने फोन कट केला.

पेपरामागून सूर्यकांतराव म्हणाले, "कशाला भांडून राहिली, शालू? मी देतो पैसे. जाऊ दे."

"प्रश्न पैशांचा नाही, बाबा. ही फसवणूक आहे."

तिने बँकेकडे रीतसर तक्रार नोंदवली. दिवाळीच्या फराळाला सोसायटीतली मराठी मंडळी जमली तेव्हा हा किस्सा तिने मॅनेजरच्या आवाजाची नक्कल करत सांगितला. "गादी बदलावी लागली म्हणे! आमचे बाबा काय गादीवर कबड्डी खेळले?" सगळे खो खो हसले. सूर्यकांतरावांनी चकलीचा तुकडा ताटलीत तसाच ठेवला आणि पाणी प्यायला उठून गेले. तिने ते पाहिलं होतं. चकली कडक असेल, एवढंच तिच्या मनात आलं.

बँकेने हॉटेलकडे पुरावा मागितला आणि तो एका दुपारी ऑफिसात तिच्या मेलवर येऊन पडला. तिने मोठ्या उत्साहाने उघडला. गादीवर पिवळट कडांचा मोठा डाग होता. त्याच्या मधोमध करपल्याची काळी खूण. शेजारी हॉटेलचा हेअर ड्रायर, आणि बाथरूममध्ये दांडीवर पिळून वाळत घातलेली चादर. चारी टोकं नीट जुळवलेली, बाबा घालतात तशी.

निघायच्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडून ड्रायरची घरघर तिने ऐकली होती. नाश्त्याला चेष्टाही केली होती, "बाबा, केस उरलेत किती आणि ड्रायर किती वेळ!" ते हसले होते. आणि लवकर निघू या म्हणून घाई करत होते, तर तीच वैतागली होती. ज्या गोष्टीवर त्या परक्या मॅनेजरने पांघरूण घातलं होतं, ती तिने स्वतः हट्टाने बँकेच्या फायलीत नेऊन ठेवली होती.

तिने तिथेच तक्रार मागे घेतली आणि रविकिरणला फोन केला. माफी मागितली.

"सरी, ठीक आहे, मॅडम," तो म्हणाला. "सर कसे आहेत?"



घरी पोचली तर सूर्यकांतराव बाल्कनीत कपड्यांच्या घड्या करत होते. ती शेजारी बसली. "बाबा, मी तक्रार मागे घेतली."

त्यांचे हात थांबले. ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "कळलं वाटतं."

"मला सांगायचं ना हो..."

"सांगणार होतो. पण तू त्या माणसाशी इतक्या खात्रीने बोलत होतीस. माझ्यासाठी भांडत होतीस. मध्येच सांगितलं असतं तर तू खोटी पडली असतीस." मग हळूच म्हणाले, "आणि लाज वाटली गं."

माफी मागायचीही तिला चोरी वाटली, कारण तीही त्यांनाच ऐकून घ्यावी लागली असती. ती त्यांच्या बरोबरीने घड्या घालत राहिली.

चार दिवसांनी दोघं जे. पी. नगरमधल्या एका डॉक्टरांकडे गेली. काउंटरवरच्या मुलीने खणखणीत आवाजात विचारलं, "काय त्रास आहे?" सवयीने शाल्मलीचं तोंड उघडलं, आणि तिने ते मिटलं. "बाबा, तुम्ही सांगा," म्हणून ती लांब, दाराशी जाऊन उभी राहिली. सूर्यकांतराव काउंटरवर वाकून हलक्या आवाजात काहीतरी बोलले.

प्रॉस्टेटचा त्रास निघाला. गोळ्यांनी पुष्कळ उतार पडला. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी यायला हवं होतं. शाल्मली वर्षभर एकाच घरात, त्यांच्यासमोर वावरत होती.

संक्रांतीच्या सुट्टीत तिने विचारलं, "बाबा, कुठे जाऊन येऊ या का?"

"तू जाऊन ये," ते म्हणाले. "मी घरीच बरा."

तिने आग्रह केला नाही. तीही गेली नाही.