शाळेच्या रंगांचं रुखवत

दसरा झाला की आमच्या गावात कुलपं लागायची. गाव नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, कोरडं ठक्क. आई, वडील आणि आक्का टोळीबरोबर ट्रकात बसून ऊस तोडायला जायची ती गुढीपाडव्याच्या आसपास परतायची. आक्का माझी थोरली बहीण. सातवीतून तिचं नाव काढलं, कारण कोयता धरायला आणखी एक माणूस लागत होतं, आणि शिकवायचं तर एकालाच जमणार होतं. तो एक मी निघालो. मला कुणी विचारलं नाही, तिलाही नाही.

नव्वदनंतरची गोष्ट. मी नगरला मामाकडे राहून बी.ए. करत होतो. मामाची खोली सावेडीत, एका बंगल्याच्या मागच्या अंगाला. मामा रिक्षा चालवायचा आणि मामी मशीनवर शाळांचे स्वेटर विणायची. प्रत्येक स्वेटरमागे थोडी लोकर उरायची. ते तुकडे मामी गव्हाच्या रिकाम्या पोत्यात कोंबायची. मरून, बाटलीचा हिरवा, गडद निळा. शाळांना चौथा रंग ठाऊकच नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी नेवाशाकडं उसाच्या फडावर घरच्यांना भेटायला गेलो. आक्काचं लग्न उन्हाळ्यात धरलं होतं. बाकी कशाचंच तिला काही नव्हतं, फक्त रुखवताची काळजी. नवरीच्या हातची कला म्हणून रुखवत लग्नात मांडायचं आणि वरपक्षाच्या बायकांनी एकेक वस्तू उचलून नावं ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. आमच्या चुलत बहिणीच्या रुखवतात विकतची प्लॅस्टिकची फुलं होती. तिची सासू अजून त्या फुलांवरून बोलत होती.

"साडी हलकी घ्या, मला चालंल," आक्का म्हणाली. "पन रुखवत रिकामं नको. जलमभर ऐकावं लागतं."

पुढच्या खेपेला मी पोत्यातली लोकर आणि मामीची क्रोशाची सुई घेऊन गेलो. आक्कानं विणून बघितलं. पण कोयत्यानं तिच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यांत लोकर अडकायची. धागा ओढला की भेग दुखायची. तिनं सगळं माझ्या मांडीवर टाकलं.

"तूच कर. तुला शिकायला ठिवलाय ना? मग शिक."

झालं. मामीनं मला साखळी घालायला शिकवली, मग खांब, म्हणजे साखळीवरचे उभे टाके. मशीनची लोकर बारीक, म्हणून दोन रंगांचे दोन पदर एकत्र धरून विणायचं. पहिल्यांदा ताटावरचं झाकण करायला घेतलं. गोल विणताना दर फेरीत खांब वाढवावे लागतात, हे मी मनावर घेतलं नाही. कडा वर वळत गेल्या. मामीनं ते उचललं आणि सरळ माझ्या डोक्यावर ठेवलं.

"भाचेराव, ताट झाकायचंय का टक्कल?"

दुसऱ्या वेळी इतके खांब वाढवले की कोबीच्या पानासारख्या झालरी पडल्या. मग मी डोकं लावलं. प्रत्येक फेरी झाली की झाकण जमिनीवर पसरून बघायचं. कड उचलली तर पुढच्या फेरीत खांब जास्त, लाट आली तर कमी. तिसरं झाकण जमिनीला असं चिकटून बसलं की मी मामीला मशीन थांबवून बघायला लावलं.

मामाला हे बघवत नव्हतं. "कालिजात घातला की बालवाडीत?" तो म्हणायचा. मामी मशीनवरून मान न वळवता बोलायची, "रिक्षाची सीट फाटल्यावर सुई-दोरा घेऊन कोन बसतं? तवा लाज न्हाई वाटत ती?"

आसनांसाठी मी निराळीच युक्ती केली. फुटक्या पाटीची लाकडी चौकट घेतली, वरखाली खिळे ठोकले, उभे धागे ताणले आणि गोधडीच्या सुईनं आडवे धागे एक सोडून एक घातले. पाटीएवढा चौकोन निघाला. असे चौकोन जोडले की आसन तयार. सुरुवातीचे चौकोन मधे आवळून डमरूसारखे झाले, कारण आडवा धागा मी ओढून घेत होतो. तो सैल सोडायला लागलो आणि चौकोन चौकोनात आले. परीक्षेचा अभ्यास आणि हे, दोन्ही चालू होतं. पुस्तक मांडीवर, चौकट पोटाशी.

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं मला बाजूला घेतलं. "कोनी इचारलं तर आक्कानं केलं म्हनायचं. पोरानं केलं म्हनलं की हसत्यात लोक."

मी बरं म्हणालो.

लग्नाच्या दिवशी दुपारी वरपक्षाच्या बायका रुखवत बघायला आल्या. नवरदेवाची आत्या पुढे, आवाज खणखणीत. बाजेवर तोरण, झाकणं, रुमाल, आसनं, सगळी त्याच तीन रंगांत. आत्यानं एक आसन उचललं आणि जागेवरच यमक जुळवलं:

"रुखवतात मांडलं आसन मरून, शाळंची पोरं आली कुठून?"

बायका खो-खो हसल्या. मग तिनं आसन उलटून मागची बाजू तपासली. "पन हात साफ हाय पोरीचा. आता आमच्या घरी बसवू हिला इनायला."

आई घाईनं म्हणाली, "व्हय, व्हय."

आक्कानं मान वर केली. हळद लागलेली, मुंडावळ्या बांधलेली. "आत्याबाई, मला इनाया येत न्हाई. मला ऊस तोडाया येतो. हे माझ्या भावानं केलंय."

आईनं कपाळाला हात लावला. आत्या माझ्याकडे वळली.

"मंग भावालाच धाडा की नांदायला!"

आता तर मांडव हसला. माझे कान तापले, पण आक्का हसत होती, म्हणून मीही हसलो. आत्या बाजेच्या कडेला टेकली. "आनि कालिजात हेच शिकवत्यात व्हय रं?"

"न्हाई. कालिजात इतिहास शिकवतात. हे मामीनं शिकवलं."

"बरं, मंग ही झाकनाची कड कशी काढली ते दाव. माझी सारखी दुमडती."

मी सुई आणली. वरपक्षाच्या बायका भोवती बसल्या आणि मी एक फेरी विणून दाखवली. त्यानंतर नावं ठेवायचं त्या विसरल्या. आई लांबून बघत होती. थोड्या वेळानं तीच एकीला सांगायला लागली, "माझ्या ल्योकानं केलंय सगळं."

रुखवत एका बाजेवर मावलं नव्हतं, शेजारून दुसरी बाज आणावी लागली होती. त्यात विकतचं काहीच नव्हतं. आक्काला सासरी रुखवतावरून कुणी कधी बोललं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मी बी.ए. झालो. आमच्या घरातला पहिला.