कोंबडीने अडवलेली खिडकी

फिनेलचा ओलसर, उग्र वास आला की अंबरनाथचा तो जुना सरकारी दवाखाना आठवतो. पुढची खिडकी पैसे देणाऱ्यांची, मागची आम्हा गरिबांची. "ए फुकट, बाटली आण!" या कंपाउंडरच्या आरोळीच्या धास्तीने आई खोकला अंगावरच काढी.

एकदा मागच्या खिडकीत कोंबडी अंडी उबवायला बसली. डॉक्टरीणबाई गंभीरपणे म्हणाल्या, "बाळंतिणीला उठवायचं नाही. सगळ्यांनी पुढून या." पिल्लं मोठी झाली, तरी ती खिडकी उघडली नाही. बाईंना कोंबडीचा एवढा कळवळा का, हे आज उमगतं.

त्या एकाच रांगेत मला पुढे करून आईही उभी राहिली. कोण फुकट, कोण पैशाचं, कंपाउंडरला ओळखू येईना. जोखीम नको म्हणून त्याने माझ्यासारख्या अनवाणी, शेंबड्या पोरीला अदबीने विचारलं, "बाईसाहेब?"