बानेट पाडताना

आबांनी पुण्याहून जुनी मोटार विकत आणली तेव्हा मी शाळा सोडून घरीच होते. पंचावन्न-छप्पन साल असेल. गाडी सकाळी आमच्या पौडातून माणसं भरून पिरंगुट, भुकूम करत पुण्याला जायची आणि दिवस मावळायच्या आत परत यायची. आबा चालवायचे. त्यांच्या अंगात कसर असली की तात्या, म्हणजे माझे चुलते. मोटार मोठी होती, दणकट होती आणि माझ्या मते अतिशय कुरूप होती. मी हे एकदा बोलून दाखवलं तर आबा माझ्यावर कितीतरी दिवस फुगून बसले होते.

तिचं बानेट, म्हणजे इंजिनावरचं झाकण, हे एक प्रकरणच होतं. पुण्याची माणसं त्याला बॉनेट म्हणत, आमच्याकडे सगळे बानेटच म्हणत. ते पुढून उचलायचं. उचलून धरणारी स्प्रिंग पहिल्या मालकाकडेच निकामी झाली होती, म्हणून आबांनी टेकू द्यायला बाभळीची एक काठी तासून घेतली होती. पिरंगुटचा घाट चढला की गाडीचं पाणी उकळायचं. मग ती कडेला घ्यायची, वाफ बसेपर्यंत कुणी तिला हात लावायचा नाही, नंतर फडकं धरून खटका उघडायचा, आतला आकडा बोटानं सरकवायचा, बानेट वर घ्यायचं, काठी लावायची आणि ती हलवून बघायची.

बंद करण्याचे नियम त्याहून कडक होते. पहिल्या मालकाच्या ड्रायव्हरची दोन बोटं याच बानेटाखाली गेली होती. ते ऐकल्यापासून आबांनी एक शिस्तच घालून दिली. बानेट तोलून धरणाऱ्यानं काठी काढायची आणि मोठ्यानं हाळी द्यायची, "हात!" जवळ जो असेल त्यानं म्हणायचं, "काढला!" मग बानेट वीतभर उरेपर्यंत हळू खाली आणायचं आणि तिथून सोडायचं. तात्यांना एवढा धीर नसे. उत्तर आलं की ते वरूनच सोडून देत. बघत तर कुणीच नसे. उत्तर आलंय म्हटल्यावर बघायचं कशाला?

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, ही हाळी ऐकू येत नव्हती. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात त्याचे दोन्ही कान गेले. बोलायचा तो थोडं, जाडसर आवाजात. आमचं दोघांचं हातवाऱ्यांवर आणि ओठांवर सगळं चालायचं, अगदी भांडणसुद्धा. आबा मात्र त्याच्याशी कधी काही बोलत नसत. "सांग त्याला," एवढं मला म्हणायचे. मला त्याचा भयंकर राग यायचा. समोर उभा असलेल्या मुलाला काय सांगायचं ते तिसऱ्याकरवी सांगायचं, ही कुठली पद्धत?

दादाला गाडीचं वेड होतं. तो तिला पुसायचा, पाणी भरायचा, मडगार्डवर तळवा ठेवून इंजिन सरळ चाललंय की अडतंय ते ओळखायचा. एकदा तो आत वाकून पुसत असताना तात्यांनी हाळी दिली. पलीकडे उभ्या असलेल्या एका प्रवाशानं आपल्यापुरतं "काढला" म्हटलं, आणि तात्यांनी बानेट सोडलं. दादाची बोटं थोडक्यात वाचली. त्याच दिवशी आबांनी त्याला गाडीला शिवायची बंदी केली.

दादानं माझ्याकडून निरोप पाठवला, की ओरडण्याऐवजी एकमेकांचे हात बघून बानेट पाडा, म्हणजे मला काम करता येईल.

"गाडी चालवायची का समद्यांचं हात बघत बसायचं?" आबा म्हणाले. "सांग त्याला, रिह्याला मामाकडं जा म्हनावं. म्हशी हायेत, भातं हायेत. तितं हाळीबिळी काय लागत न्हाई."

मी सांगितलं. त्या रात्री दादा जेवला नाही. म्हशी राखण्यात वाईट काही नव्हतं. पण एकदा तिकडे गेला की तो जन्मभर तिकडेच राहणार, हे त्याला आणि मला, दोघांनाही कळत होतं.

बाजाराच्या दिवशी मामा बैलगाडी घेऊन आले. दादाची ट्रंक बैलगाडीत चढली. मामा बैलांना पाणी दाखवायला गेले आणि दादा आमच्या पायरीवर मोटारीकडे तोंड करून बसून राहिला. मोटारही निघायच्या तयारीत होती. आबांनी बानेट उघडून पाणी भरलं. तेवढ्यात कोंबड्यांची पाटी घेतलेली एक म्हातारी, कोंबड्या पायाशी ठेवणार म्हणून हटून बसली. आबा तिच्याशी हुज्जत घालता घालता, मान तिकडे वळवूनच, आत पडलेलं फडकं चाचपू लागले. दुसऱ्या बाजूनं तात्यांनी काठी काढली.

"हात!"

"काढला!" आबा म्हणाले. हात कोपरापर्यंत आत होता.

मी दारात होते, पण माझंही लक्ष म्हातारीकडेच. दादा धावला तेवढा मला दिसला. त्यानं पडतं बानेट दोन्ही तळव्यांवर झेललं आणि खांदा घालून धरून ठेवलं.

"गाडीला हात लावू नगं म्हनलंय ना ह्याला!" आबा आधी कडाडले. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तो अजून आतच होता. त्यांनी तो सावकाश बाहेर काढला. तोंड पांढरं पडलं होतं.

"मी काढला म्हनलो का रं?"

"व्हय," तात्या म्हणाले. "चांगलं मोठ्यानं म्हनलास."

आबा मडगार्डला टेकले. तात्यांनी काठी परत लावली. दादाच्या तळव्यांची सालं निघाली होती, तळवे तो धोतराला पुसत होता. मग आबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "सांग त्याला, ट्रंक उतरव म्हनावं."

मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी रागच आला. "मी न्हाई सांगत," मी म्हटलं. "तुमीच सांगा."

तात्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. मी हलले नाही. आबा दादासमोर जाऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत मुलाशी बोलायची एकही खूण ते शिकले नव्हते. शेवटी त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं फाकवून, पकडलेल्या चोरासारखे.

दादा त्या हातांकडे बघत राहिला. मग त्यानं बानेट तोललं, काठी काढली आणि तात्यांकडे बघितलं. तात्यांनी हात वर केले. माझ्याकडे बघितलं, मीही केले. काय चाललंय ते न कळून म्हातारीनंही पाटी खाली ठेवून हात वर केले. तेव्हा कुठे दादानं बानेट वीतभर उरेपर्यंत खाली आणलं आणि सोडलं. खटका बसला. त्यानं वर ओढून बघितलं, मग बैलगाडीकडे जाऊन आपली ट्रंक उतरवली.

आबांचे हात अजून वरच होते.