ॲक्टिव्ह राहण्याची धास्ती

मीरा रोडच्या आमच्या ज्येष्ठांच्या सोसायटीत किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. बागेतल्या बाकावर चौघं जमली की आधी पाचवा का आला नाही याची काळजी. तो आला की हुश्श, आणि मग लगेच त्याच्यावरच किस्सा!

मी विमल, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेली. इथल्या एकाच नियमाची सगळ्यांना धास्ती: स्वतःचं स्वतः करता येतंय तोवरच राहायचं. ‘ॲक्टिव्ह’ माणसांची सोसायटी ना! जरा काही बिनसलं की मॅनेजर मॅडम ‘घेऊन जा’ म्हणून थेट मुलाला फोन लावतात.

*

माझ्या शेजारी सावंत राहतात. रत्नागिरीचे, एकटेच. इथे प्रत्येक बाथरूममध्ये एक लाल दोरी आहे. पडलात तर ओढायची, खाली घंटा वाजते.

सावंत राहायला आले त्याच आठवड्यात घंटा वाजली. नर्स धावली, मी गुडघे विसरून धावले. माझ्या तर डोळ्यांपुढे ॲम्ब्युलन्स!

सावंतांनी शांतपणे दार उघडलं. “काय झालं? बनियन वाळत घालतोय!”

*

एका सकाळी सावंतांच्या मुलाचा मला फोन. “काकू, बाबा फोन उचलत नाहीयेत.”

बेल वाजवली, दार ठोठावलं. आतून हूं नाही की चूं नाही. वॉचमनने दाराला खांदा लावला, लोक जमले. तेवढ्यात मागून एक जण घुसला. “बाजूला व्हा, वेळ घालवू नका!” म्हणत त्याने असा धक्का मारला की लॅच तुटून तो थेट हॉलमध्ये!

समोरच्या भिंतीवर हार घातलेला सावंतांच्या बायकोचा फोटो. फोटो बघून तो म्हणाला, “अरेच्चा! ही तर आमची ही!”

झुंबाच्या क्लासवरून आलेले सावंत! नंतर म्हणाले, “गर्दी बघितली आणि वाटलं, गेलं कोणीतरी. घाबरल्यावर दाराचा नंबर कोण बघतो?”

*

आमच्या हिराबाई नवघरच्या. त्यांच्या घरची मिठागरं होती, आता तिथे टॉवर आहेत. एकदा त्या आणि मेहताबेन लिफ्टमध्ये अडकल्या. मेहताबेन कडक जैन, त्यात बीपीचा त्रास.

वॉचमन बाहेरून ओरडतोय, “आंटी, घबराओ मत!” नर्स गोळी घेऊन तयार. आतून मेहताबेनचा रडवेला आवाज, “लवकर काढा हो!”

मी विचारलं, “श्वास लागतोय का?”

“श्वास घेतच नाय मी! हिराबेनच्या पिशवीत सुकट आहे!”

*

दरवर्षी आमची स्मरणशक्तीची टेस्ट होते. डॉक्टर साधेच प्रश्न विचारतात, पण आठवडाभर कोणाला झोप नसते. सावंतांनी तारीख तळहातावर लिहून नेली. विचारल्यावर हात उघडला, तर घामाने सगळं पुसलेलं. म्हणाले, “डॉक्टर, आज फक्त निळा डाग आहे.”

हिराबाईंना विचारलं, “आजी, घराचा नंबर सांगा.”

“दरवाज्यावर लिवलाय. जाऊन वाच!”

डॉक्टरसकट सगळे हसले. पास!

परत येताना लिफ्टमध्ये आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, “विमल, कोनच्या मजल्यावर उतरायचा?”

मी त्यांच्या मजल्याचं बटण दाबलं. मॅडमना काही बोलले नाही. सांगितलं फक्त सावंतांना.

*

मग एका दुपारी हिराबाईंचं दार सताड उघडं, आणि घरात कोणी नाही. गच्ची बघितली, बाग बघितली, गेटवर विचारलं. सावंत मजल्यामजल्यावर हाका मारत सुटले. शेवटी आम्ही स्विमिंग पूलकडे धावलो.

कमरेएवढ्या पाण्यात हिराबाई उभ्या. लुगडं खोचलेलं, हातात प्लास्टिकचा टब. टबाने पाणी उपसून काठावर फेकतायत, धाप लागलीय, पण थांबत नाहीत.

“हिराबाई, बाहेर या!”

“बांध फुटलाय!” त्या ओरडल्या. “उधानाचा पानी आयलाय. मीठ जाईल सगला!”

तेवढ्यात ऑफिसचं दार वाजलं आणि मॅडमच्या सँडलचा आवाज जवळ येऊ लागला.

सावंतांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि ते पँट-शर्टसकट पाण्यात उतरले. दोन्ही हातांनी पाणी काठाकडे लोटायला लागले. चष्मा बाकावर ठेवून मी साडीसकट उतरले. मागोमाग आलेल्या मेहताबेनने आमच्याकडे बघितलं, चपला काढल्या, आणि त्याही आल्या.

मॅडम काठावर येऊन थबकल्या. “ये क्या चल रहा है?”

“एक्सरसाइज, मॅडम!” सावंत म्हणाले. “पाण्यातली!”

हिराबाईंनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. कपाळावरचं पाणी पुसलं.

“चला, हात चालवा,” त्या म्हणाल्या. “आता वाचंल.”